बाळंभटदादा देवधर : एक आख्यायिका आणि तालमीची भाषा

मल्लखांबाच्या इतिहासात बाळंभटदादा देवधर यांचे स्थान आद्यगुरूचे आहे. खांबाला नमस्कार करून पहिली अढी घालणाऱ्या मुलाला आजही त्यांची गोष्ट सांगितली जाते. व्यायामशाळांच्या बाहेर मात्र ती फारशी गेलेली नाही. पेशवाईच्या उत्तरकाळाविषयी लिहिताना आपण शाहीर, बखरकार, शास्त्री-पंडित यांची नोंद घेतो. शरीराच्या विद्येत ज्यांनी काही घडवले, त्यांना त्या इतिहासात जागा मिळत नाही. कारण उघड आहे. त्यांच्या नावावर ग्रंथ नाहीत. ज्यांनी लिहिले नाही त्यांच्याविषयी जे मागे उरते ते बहुधा आख्यायिकेच्या रूपात. त्यामुळे बाळंभटदादांच्या चरित्राकडे जायचे, तर आख्यायिका कशी वाचावी हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आणि हा प्रश्न मुळात साहित्याच्या अभ्यासकाचा आहे.

प्रस्तुत लेखात ती आख्यायिका, तिच्यामागचा काळ आणि ओकिनावा बेटावरील कराटेची गुरुपरंपरा यांचा एकत्र विचार केला आहे. कराटे आणि मल्लखांब यांचा एकमेकांशी काही संबंध होता, असे येथे म्हणायचे नाही. परंतु आपली विद्या कोणाकडून आली, हा एकच प्रश्न दोन्ही परंपरांपुढे उभा राहिला आणि दोघींनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांची तुलना आपल्याला आपल्याविषयी काही सांगते.

आख्यायिका

नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी कोठुरे नावाचे गाव आहे. परंपरेप्रमाणे १७८० साली तेथे बाळंभट जनार्दन देवधर यांचा जन्म झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी, म्हणजे १७९६ नंतरच्या काळात, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले. त्यांनी ठिकठिकाणच्या पैलवानांना चीत केले होते. पुण्यात येऊन त्यांनी पेशव्यांना आव्हान दिले : आमच्याशी लढणारा मल्ल द्या, नाहीतर जयपत्र लिहून द्या. दरबारातील कोणीही पुढे येईना. तेव्हा अठरा वर्षांचे बाळंभट उभे राहिले आणि त्यांनी तयारीसाठी मुदत मागून घेतली.

पुढे ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले. देवीची आराधना केली. देवीच्या कृपेने मारुतीने दृष्टांत दिला आणि लाकडी खांबावर डावपेचांचा सराव कसा करावा हे शिकवले. मुदत संपल्यावर बाळंभट पुण्यास परतले. गुलाबला त्यांनी चीत केले आणि ते पाहून अलीने लढत न देताच हार मानली.

आख्यायिका एवढीच आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, पण सांगाडा तोच राहतो : परका आव्हानवीर, हतबल दरबार, कोवळा तरुण, देवतेचा दृष्टांत, विजय.

ही गोष्ट खरी की खोटी, असा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. बाळंभटदादा नावाचे गुरू होऊन गेले, त्यांची शिष्यपरंपरा आहे, ती परंपरा स्वतःची सुरुवात अशी सांगते. एवढे निश्चित आहे. विचारण्याजोगा प्रश्न असा की, तिने सुरुवात अशीच का सांगितली?

सेलूहून पाहताना

मी हे सेलूत बसून लिहीत आहे, आणि ही गोष्ट सेलूत ऐकणे व पुण्यात ऐकणे यांत थोडा फरक आहे. कोठुऱ्याजवळून वाहणारी गोदावरी पुढे आमच्या दक्षिणेला, पाथरीच्या बाजूने वाहते. पण आमचा हा काठ १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गोष्टीतले 'ते' आमच्या बाजूने आले होते. लहानपणी ही गोष्ट ऐकणारे मूल अर्थातच बाळंभटांच्या बाजूने असते. ते हरावेत असे कोणाला वाटेल? पण पुढे नकाशा पाहिल्यावर लक्षात येते की, निजामाच्या मुलखातला मल्ल म्हणजे परभणी, बीड, नांदेड यांपैकी कुठल्याही गावातला मल्ल असू शकतो. तो मराठी बोलणारा असू शकतो. गुलाब हे नाव तर हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत ठेवले जाते. गोष्टीने त्यांना गाव दिले नाही, गुरू दिला नाही, तालीमही दिली नाही. हरण्यापुरतेच ते गोष्टीत येतात.

आख्यायिकेचा काळही पाहावा. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. पेशवाईचा हा शेवटचा मोठा विजय. त्यानंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबरच्या सुमारास सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वर्षभराच्या गोंधळानंतर बाजीराव गादीवर आले. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने बाजीरावांनीही स्वीकारली. ज्या काळात ही कुस्ती झाली असे सांगितले जाते, त्या काळात पुण्याचा आणि हैदराबादचा असे दोन्ही दरबार खरी लढाई हरत चालले होते, आणि ज्याच्याकडून हरत होते तो या गोष्टीत कोठेच नाही. आख्यायिका खर्ड्याची लढाई हौदात पुन्हा लढते आणि पुन्हा जिंकते. हरत असलेल्या दरबाराला जिंकल्याची गोष्ट हवी असते, आणि दरबार बुडाल्यावर त्याच्या आठवणीवर जगणाऱ्यांना ती अधिकच हवी असते.

मानसोल्लासातील खांब

आता दृष्टांताकडे वळू. बाळंभटांना खांब स्वप्नात दिसला असे परंपरा म्हणते. परंतु मल्लांच्या सरावाचा खांब त्यांच्या जन्माच्या साडेसहाशे वर्षे आधी ग्रंथात आलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो परिचित असतो तो ओवीच्या संदर्भात : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही त्यातील नोंद आपण प्राचीन मराठी वाङ्मय शिकवताना आवर्जून सांगतो. त्याच ग्रंथात 'मल्लविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचा आहार, त्यांचे प्रकार, त्यांचे डाव आणि त्यांचे 'श्रम', म्हणजे सराव, यांचे वर्णन असून त्या श्रमांमध्ये 'स्तंभश्रम' म्हणजे खांबावरचा सराव येतो. ओवीची नोंद आपण उचलली आणि दोन-चार प्रकरणे ओलांडून असलेली खांबाची नोंद व्यायामाच्या अभ्यासकांसाठी सोडून दिली. विद्याशाखांच्या कुंपणांचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल.

सोमेश्वराची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात आहे. बिदर आणि परभणी हे दोन्ही जिल्हे पुढे हैदराबाद संस्थानाचे भाग होते. म्हणजे मल्लांच्या खांबाचा हा जुना लेखी पुरावा ज्या भूमीतून येतो, तीच भूमी आख्यायिकेत 'निजामाचा मुलूख' म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला पडली आहे. अली आणि गुलाब खांबावर सराव करीत होते की नाही हे सांगण्यास आधार नाही. पण खांब त्यांना परका होता असे गृहीत धरण्यासही आधार नाही.

मग बाळंभटांनी केले काय? त्यांनी खांबाचा शोध लावला नाही, हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. उलट त्यांचे खरे काम त्यामुळे दिसू लागते.

खांब हे मुळात कुस्तीचे साधन. जोडीदार नसताना मल्लाने कशाशी झुंजावे? खांबाशी. खांब ढिला पडत नाही, थकत नाही, फसत नाही. त्याला मिठी मारून, पाय अडकवून, मल्ल आपली पकड घट्ट करतो. या साधनाची स्वतंत्र विद्या झाली आणि त्या विद्येची सुरुवात परंपरा बाळंभटदादांपासून मानते. आज पुरलेल्या मल्लखांबाचा खांब शिसवाचा किंवा सागवानाचा असतो. तो खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. त्याच्या भागांना अंग, मान आणि बोंड म्हणतात. म्हणजे शब्दांतही तो प्रतिस्पर्ध्याचे शरीरच राहिला आहे. त्याला एरंडेल तेल लावतात, हातापायांना राळ लावतात. सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, उड्या, आसने, असे कौशल्यांचे गट ठरलेले आहेत. प्रत्येक गटात सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची शिस्त आहे. अढी पक्की नसलेल्या मुलाला फिरकीकडे नेत नाहीत. एखाद्या विद्येला असा क्रम मिळतो, तेव्हा ती प्रतिभावंताच्या एकट्याच्या मालकीची राहत नाही. सामान्य मुलालाही शिकवता येते. हा क्रम एका पिढीत पुरा झाला नसेल, पुढच्या गुरूंनी त्यात भर घातली असेल. परंतु शिकवणे हेच ज्याचे कार्य झाले असा पहिला ज्ञात मनुष्य या परंपरेत बाळंभटदादा आहेत.

ब्रह्मावर्त आणि काशी

१८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावांना वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पाठवण्यात आले. १८५१ साली तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याबरोबर शेकडो मराठी कुटुंबे गंगेकाठी गेली. बाळंभटदादाही त्यांत होते. राज्य गेलेल्या दरबारात मल्लाला काय काम? आव्हान देणारे कोणी उरले नव्हते आणि जयपत्र द्यायला शिक्का उरला नव्हता. अशा ठिकाणी बाळंभटदादांनी मुले शिकवली. नानासाहेब, तात्या टोपे आणि मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनी त्यांच्याकडे धडे घेतल्याचे परंपरा सांगते. काशीलाही त्यांचा आखाडा झाला आणि कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे तेथील शिष्य प्रसिद्धीस आले. दामोदरगुरू मोघे यांचे नावही या परंपरेत आदराने घेतले जाते. या शिष्यप्रशिष्यांनी मराठी संस्थानांच्या गावोगावी आखाडे उघडले आणि मल्लखांब पुन्हा महाराष्ट्रात आला. १८५२ हे दादांच्या मृत्यूचे वर्ष सांगितले जाते.

म्हणजे पुण्याच्या दरबारात जी विद्या एका कुस्तीपुरती होती, ती परमुलखात, परावलंबी दरबाराच्या सावलीत, पिढ्यांपुरती झाली. दरबार असता तर बाळंभट कदाचित सरकारी मल्ल म्हणून जगले असते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कसब संपले असते. सत्ता गेली म्हणून विद्या वाचली, असे सरसकट विधान करणे धाडसाचे होईल. तथापि सत्तेच्या पडझडीत मल्लाचा गुरू होतो, हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडलेला नाही. ओकिनावाकडे पाहण्याचे कारण हेच आहे.

मात्सुमुरा आणि वादळात सापडलेला परका

ओकिनावा हे जपान आणि चीन यांच्या मधल्या समुद्रातील रियुक्यू राज्याचे मुख्य बेट. १६०९ साली जपानी सात्सुमा सरदारांनी ते जिंकले, तरी राजे नावापुरते गादीवर राहिले आणि चीनशी असलेला त्यांचा व्यापार व शिष्टाई चालू राहिली. १८७९ साली जपानने राज्य खालसा केले आणि शेवटचा राजा शो ताई याला तोक्योस नेऊन ठेवले. बाजीराव बिठूरला गेले, तसाच हा प्रकार.

या राज्याच्या राजधानीत, शुरी येथे, मात्सुमुरा सोकोन हा पुरुष होऊन गेला. १८०९ च्या सुमारास जन्म, १८९९ च्या सुमारास मृत्यू. शेवटच्या तीन राजांच्या पदरी त्याने अंगरक्षक आणि शस्त्रविद्येचा शिक्षक म्हणून सेवा केली. त्याच्याविषयीची एक आख्यायिका आपल्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. चिंतो नावाचा चिनी खलाशी जहाज फुटून बेटावर अडकला होता आणि भुकेपोटी आसपासच्या वस्तीत चोऱ्या करीत होता. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी राजाने मात्सुमुरास पाठवले. मात्सुमुराने जंग जंग पछाडले, पण तो परका त्याला आवरेना. तेव्हा मात्सुमुराने लढणे सोडून त्याचे शिष्यत्व पत्करले. त्याच्याकडून शिकलेल्या हालचालींची मालिका आजही 'चिंतो' या नावानेच केली जाते.

दोन्ही आख्यायिका शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत राजाची आज्ञा किंवा राजाची अब्रू आहे, परका प्रतिस्पर्धी आहे, तरुण मल्ल आहे. आपल्या गोष्टीत विद्या देवाकडून येते आणि परका हरतो. त्यांच्या गोष्टीत विद्या परक्याकडूनच येते आणि शिकणारा आधी हरतो. एका गोष्टीत गुरू स्वप्नात आहे, दुसरीत गुहेत लपलेला भुकेला माणूस आहे.

यावरून ओकिनावाची परंपरा अधिक प्रामाणिक होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण पुढचा इतिहास तसा निष्कर्ष काढू देत नाही.

नावे बदलण्याचा इतिहास

मात्सुमुराचा शिष्य इतोसु आन्को (१८३१–१९१५). राज्य खालसा झाल्यावर त्यानेही बाळंभटदादांप्रमाणे शिकवणे हेच आपले काम मानले. १९०१ साली त्याने ही विद्या शुरीच्या प्राथमिक शाळेत नेली. मुलांना झेपतील अशा सोप्या मालिका रचल्या. १९०८ साली त्याने शिक्षणखात्यासाठी दहा कलमांचे टिपण लिहिले. त्याच्या सुरुवातीलाच, ही विद्या बौद्ध किंवा कन्फ्यूशियन मतातून निघालेली नसून पूर्वी चीनमधून आली, असे तो स्वच्छ सांगतो. तेव्हा विद्येचे नाव लिहिण्याची रूढ रीतही तेच सांगत होती : त्या नावाचा अर्थ 'चिनी हात' असा होता.

इतोसुचा शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हा शाळामास्तर होता, लेखक होता. १९२२ साली त्याने तोक्योत प्रात्यक्षिके दाखवली आणि मग तेथेच राहून शिकवू लागला. जपानच्या राजधानीत, चीनविरोधी वातावरण तापत असताना, 'चिनी हात' हे नाव अडचणीचे होते. चित्रलिपीत एक सोय असते : उच्चार तोच ठेवून चिन्ह बदलता येते. 'चिनी' या अर्थाचे चिन्ह काढून त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे चिन्ह घातले गेले. हा पर्याय १९०५ साली एकाने वापरला होता. १९३६ च्या ऑक्टोबरात नाहा येथे जमलेल्या ओकिनावाच्या गुरुजनांनी तो मान्य केला. 'चिनी हात' होता त्याचा 'रिकामा हात' झाला. या रिकामेपणाला शून्यतेच्या बौद्ध कल्पनेचा आधारही देण्यात आला. फुनाकोशीने मालिकांची नावेही बदलली. 'चिंतो'चे झाले 'गांकाकु', म्हणजे खडकावरचा करकोचा. भुकेला खलाशी गेला आणि त्याच्या जागी पक्षी आला.

हालचाली त्याच राहिल्या. पण ज्याच्याकडून त्या शिकल्या, त्याचे नाव उच्चारण्याची गरज उरली नाही. ज्या परंपरेने गोष्टीत परक्याचे ऋण मान्य केले होते, तिच्याच पुढच्या पिढीने ते शब्दांतून पुसले. फुनाकोशीला याबद्दल दोषी धरणे सोपे आहे. बेटावरच्या एका दुर्लक्षित विद्येला राजधानीत टिकवायचे होते, आणि त्यासाठी त्याने ही किंमत दिली. ओकिनावात आजही अनेक जण जुनेच नाव वापरतात.

तालमीची भाषा

आता आपल्याकडे परत येऊ. आपल्या गोष्टीने परक्याला फक्त हरवले, त्याचे ऋण मानले नाही. पण गोष्ट सांगणारे लोक ज्या जागेत बसून ती सांगतात, त्या जागेला म्हणतात काय? तालीम. हा अरबी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण. आमच्या भागात हा शब्द दोन वाटांनी पोचला. निजामाच्या राज्यात शिक्षणखात्याचे नाव 'तालीमात' होते आणि त्याच वेळी गावच्या मारुतीशेजारी मातीचा हौद असलेली खोली हीही तालीमच होती. शाळा आणि आखाडा यांना जोडणारा एकच शब्द आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होता.

तालमीतला गुरू म्हणजे वस्ताद, फारसी 'उस्ताद'. त्याच्या हाताखालचा मदतनीस खलिफा. शिकणारा शागीर्द. लढणारा पहिलवान. लढण्याची क्रिया कुस्ती, तिचा फड दंगल, तिच्यातला डाव म्हणजे पेच. सकाळी मारतात ते जोर. माती असते तो हौद. यांतील बहुतेक शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने अरबीतून आलेले आहेत. त्यांच्या शेजारी मल्ल, दंड, आखाडा हे संस्कृतातून आलेले शब्द आणि अढी, तेढी हे देशी शब्द निर्धास्तपणे नांदतात. मल्लखांबाच्या कौशल्यांत सुरुवात सलामीने होते. बगली फारसी 'बगल'वरून. आणि सुईदोरा, वेल, फिरकी हे शब्द घरातले, अंगणातले. मारुतीच्या मूर्तीसमोर उभा राहून मूल सलामी देते आणि त्या खोलीला तालीम म्हणते. या एका दृश्यात आख्यायिकेने वगळलेला इतिहास सबंध हजर आहे.

आख्यायिकेने ऋण फेडले ते देवाचे. भाषेने माणसांचे ऋण नोंदवून ठेवले. शब्द हे कोणी ठरवून केलेले स्मारक नसते. ज्याच्याकडून वस्तू घेतली, त्याच्याच तोंडचे नाव आपसूक आपल्या तोंडी बसते. कुस्तीच्या मराठी शब्दसंग्रहात इतके फारसी-अरबी शब्द आहेत याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एका हौदात दोन्ही प्रकारची माणसे उतरत होती, एकमेकांकडून मार खात होती आणि शिकत होती. अली आणि गुलाब यांचे गुरू कोण हे आख्यायिका सांगत नाही; पण बाळंभट ज्या तऱ्हेची कुस्ती लढले तिची परिभाषा ज्यांच्यामार्फत मराठीत आली, त्यांत अली-गुलाबांचे पूर्वसूरी असणारच.

हे शब्द पुसण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधवराव पटवर्धनांसारखा फारसीचा व्यासंगी, ज्याने १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तोच पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला एक ठसठशीत अंतर्विरोध आहे. त्याच काळात शहरांतून तालमीच्या जागी 'व्यायामशाळा' आणि 'व्यायाममंदिर' आले, वस्तादाच्या जागी 'गुरुजी' आले. यामागे केवळ शुद्धीचा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या संस्थांना शाळेची शिस्त आणि मध्यमवर्गीय मान्यता हवी होती. परंतु देवनागरीत उच्चार तोच ठेवून अर्थ बदलण्याची सोय नाही. शब्द काढायचा तर ऐकू येईल असाच काढावा लागतो, आणि तसा तो काढला की पहिलवान हसतात. म्हणून कुस्ती कुस्तीच राहिली, पहिलवान पहिलवानच राहिला आणि कोल्हापूरपासून परभणीपर्यंत तालमीही राहिल्या.

दुसरे दादा

या संदर्भात आणखी एका गुरूचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बडोद्याचे जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचे पट्टशिष्य राजरत्न माणिकराव. गुरूनंतर माणिकरावांनी बडोद्याचा तो आखाडा वाढवला आणि त्याला नाव दिले 'जुम्मादादा व्यायाममंदिर'. या नावात अरबी 'जुम्मा', मराठी 'दादा' आणि संस्कृत 'व्यायाममंदिर' एकत्र आहेत. आख्यायिकेत जे घडले नाही ते येथे प्रत्यक्ष घडले : विद्या ज्याच्याकडून मिळाली त्या माणसाचे नाव शिष्याने दारावर लिहिले. बाळंभटदादा आणि जुम्मादादा या दोन दादांची नावे एका दमात घेतली, तर मराठी व्यायामपरंपरेचे चित्र अधिक खरे उमटेल.

बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. बाळंभटदादांनी जे तोंडाने आणि हाताने शिकवले, ते आणि त्यासारखे बरेच काही, त्यांच्यानंतर जवळपास शतकाने कागदावर आले. नाहा येथे 'चिनी हात' पुसला गेला तेही वर्ष १९३६. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत गेले आणि त्याने मल्लखांबासह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. अमरावती वऱ्हाडात आहे. आणि वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे असला तरी कागदोपत्री सार्वभौमत्व तेव्हाही निजामाचेच होते. म्हणजे बाळंभटदादांची विद्या बर्लिनला घेऊन गेलेली माणसे औपचारिक अर्थाने निजामाच्या मुलखातलीच होती. आख्यायिकेतले 'ते' आणि 'आपण' शंभर-सव्वाशे वर्षांत अशा रीतीने जागा बदलून बसले होते.

वारसा

आज मल्लखांबाला मान्यता मिळाली आहे. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२४ साली दादरच्या समर्थ व्यायाममंदिराचे उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. दोरीवर आणि खांबावर मुलींचे संघ उतरतात. कराटेही २०२१ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये, आपल्या जन्मभूमीच्या देशात, खेळला गेला. ज्या विद्या दोन बुडालेल्या दरबारांतून निघाल्या, त्या गुणांकनाच्या तक्त्यापर्यंत पोचल्या आहेत.

मान्यता मिळाली की 'अधिकृत इतिहास' लिहिला जातो. माहितीपत्रकांतून बाळंभटदादांची आख्यायिका दोन ओळींत येते, आणि दोन ओळींत सांगितली की तिच्यातला देव, गड, मुदत हे सारे गळून फक्त 'निजामाच्या मल्लांना हरवले' एवढेच उरते. चिंतोचा करकोचा झाला तसेच हे आहे, फक्त उलट्या बाजूने. तेथे परक्याचे नाव गेले. येथे परक्याचे फक्त नाव राहिले आणि त्याचे शिक्षकपण गेले.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते, असे मला वाटते. आख्यायिका खोडून काढण्याची आवश्यकता नाही. खांबावर उलटा लटकणाऱ्या मुलाला धीर हवा असतो, आणि अठरा वर्षांच्या बाळंभटांची गोष्ट तो देते. पण तिच्याबरोबर तिच्या शेजारचे शब्दही वाचायला शिकवले पाहिजेत. ओवीसाठी मानसोल्लास उघडणाऱ्या विद्यार्थ्याला मल्लविनोदाचे प्रकरण दाखवावे. फारसी-मराठी संबंध शिकवताना दरबारी पत्रांतील उदाहरणांबरोबर तालमीतील उदाहरणेही द्यावीत. विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी सकाळी जोर मारून वर्गात आलेला असतो, आणि आपल्या तोंडचा शब्द कुठून आला हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो शिक्षकाने पाहण्यासारखा असतो.

अली आणि गुलाब यांच्याविषयी याहून अधिक काही कधी कळेल असे वाटत नाही. त्यांच्या नावाची तालीम नाही, शिष्यपरंपरा नाही. तरीही सेलूच्या, परभणीच्या, कोठुऱ्याच्या एखाद्या हौदात आज संध्याकाळी एक मुलगा उतरेल, माती कपाळाला लावेल, मारुतीला नमस्कार करील आणि वस्तादांना सलामी देईल. त्या सलामीचा काही वाटा त्या दोघांकडेही जातो.